अंगठ्याची जागा

त्या दिवशी आईच्या नखांत माती होती. खळ असायची नेहमी, वाळून पांढरी झालेली. माती मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. केंद्रातून आली ती तडक स्वयंपाकघरात गेली, नळाखाली हात धरून उभी राहिली आणि हाक मारली, "गठ्ठू, ब्रश आण गं. कपड्यांचा नको, नखांचा."

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला गठ्ठू म्हणणारी माणसं जगात फार उरत नाहीत. मला दोन होती, आई आणि मावशी. मी ब्रश आणला, आईचे हात हातात घेतले आणि एकेक नख घासायला लागले.

"काय केलंस मग आज?"

"मातीचं पोर केलं आणि तिथेच ठेवून आले."

"रडलं नाही?"

"गुणी आहे. तुझ्यावर गेलंय."

आई जन्मभर पुस्तकं बांधत आली. खालच्या खोलीत कामाचं टेबल, वर आम्ही. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. त्यांना घड्या घालून ती सोळा-सोळा पानांचे फर्मे करायची, फर्मे एकावर एक ठेवून शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायची. पुढे गुडघे गेले, मग बोटं आखडली, आणि टेबलावर फुलदाणी आली. तिचा रक्तदाब तपासायला यायची त्या नर्सनं तिला आरोग्य केंद्रातल्या उपक्रमाचं सांगितलं. वस्तीतल्या बायकांनी यायचं, म्हाताऱ्या, तरण्या, कुणीही. अंगावर पाजल्याच्या आठवणी मातीत घडवायच्या आणि मग बोलायच्या. त्याचं प्रदर्शन मांडायचं. मला वाटलं होतं, आई हसून सोडून देईल. ती म्हणाली, "जाते की. घरी बसून काय फुलदाणी बांधू?"

"पुढच्या खेपेला बोलायचंय म्हणे," आई म्हणाली. "यंत्रापुढे. कसं पाजलं, तेव्हा काय वाटायचं. आता वाटायचंय काय त्यात? भूक लागली, पाजलं."

"मग तेवढंच सांग."

"छे! बाकीच्या बायका काय काय बोलतात. एक तर रडायलाच लागली. तू लिहून दे बाई. एवढी पुस्तकं वाचतेस. मी वाचून दाखवीन."

"तुझी आठवण मी कशी लिहून देऊ? मला काय माहीत त्यातलं?"

"वा! प्यायलं कोण मग?"

आम्ही दोघी हसलो. तिचं डोकं माझ्या खांद्याशी होतं. केसांना ओल्या मातीचा वास येत होता. उजव्या अंगठ्याचं नख सगळ्यात शेवटी घासलं. ते जाड होतं आणि एका बाजूला झिजलेलं. घडीवरून तोच अंगठा दाबत न्यायची सवय. मी नळ बंद केला आणि टॉवेल दिला.

मग नेहमीसारखीच संध्याकाळ झाली. तिनं शेजारच्यांच्या कुत्र्याला नावं ठेवली. मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडून तिनं पाठ तपासली आणि "शिवलेलं नाही, नुसतं चिकटवलंय" म्हणून ते परत ठेवलं. झोपायला जाताना दारातून विचारलं, "कडी लावलीस ना?"

"लावली."

सकाळी ती उठली नाही.

*

नंतरच्या दिवसांत भेटायला आलेल्या बायकांनी मला पोटाशी धरलं. शेजारणीनं धरलं, वाचनालयातल्या सहकारिणींनी धरलं, आईकडे पूर्वी कामाला असलेल्या एका बाईनं तर इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकडा झाला. मी सगळ्यांच्या खांद्यांवरून पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिले. मला त्याची सवय नव्हती. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेत नसे. प्रेम नव्हतं असं नाही. आई मला ताप आला की रात्रभर बसायची, शाळेच्या वह्यांना अशी कव्हरं घालायची की वर्षअखेर ती वह्यांपेक्षा जास्त टिकायची. पण तिच्या हातांना कायम खळ असायची. "लांब हो, चिकटशील," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं असेल की पुढे तिला ते म्हणावंही लागेना; मीच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायला शिकले.

त्या पलीकडच्या बाजूलाच मी वाचायला लागले. घडी न घातलेल्या कागदावर पानं उलटसुलट असतात. काही सुलटी, काही डोक्यावर उभी, आणि एका पानाशेजारी त्याचं पुढचं पान कधीच नसतं. मी मान वाकडी करून जी मिळेल ती गोष्ट वाचायची, आणि पुढचं पान हवं असेल तर आईनं घडी घालेपर्यंत थांबायची. हट्ट करायची नाही. सगळे म्हणायचे, पोर शहाणी आहे.

तिच्या कुशीत असल्याची एकही आठवण मला नव्हती. इतकी वर्षं ते कधी जाणवलं नव्हतं. आता रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना मी ती आठवण शोधत असे, किल्ल्या कुठे ठेवल्या ते शोधावं तशी, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

अशात केंद्रातून फोन आला.

"ताई, मी मातीवाली बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही." आवाज भरडा होता. मातीकाम शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे मातीवालीच म्हणतात, हे मला आईकडून कळलं होतं. "आजींचं समजलं. फार वाईट वाटलं. जरा वेळ जाऊ द्यावा असं वाटत होतं, पण आता थांबता येत नाहीये. आजींचं काम आहे ना आमच्याकडे."

"त्याचं काय करायचं असतं?"

"तेच विचारायचं होतं." ती म्हणाली. "आम्ही ते ओलं ठेवलंय."

तिनं समजावून सांगितलं. मातीचा गोळा आतून भरीव असतो. तसाच भट्टीत गेला तर फुटतो, आणि शेजारच्या गोळ्यांनाही फोडतो. म्हणून तो आधी कापायचा, आतून पोखरायचा आणि पुन्हा जोडायचा. ज्या बाईचा गोळा तिनंच ते करायचं, असं त्यांचं ठरलं होतं. बाकी सगळ्यांचं झालं होतं. आईच्या गोळ्यावरचं फडकं कुणीतरी रोज ओलं करत होतं, कारण एकदा वाळला की तो पोखरता येणार नव्हता.

"पुढच्या शनिवारी भट्टी लावतोय, त्याआधी ते पोखरून वाळायला हवं. तुम्ही येऊ शकलात तर बरं. नाहीतर मी करीन. पण तुम्हाला न विचारता सुरी लावायला हात होईना."

*

दुसऱ्या दिवशी वाचनालयातून सुटल्यावर मी गेले. केंद्राच्या मागच्या बाजूला पत्र्याची लांबट खोली होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर बायकांची कामं. नर्स तिथेच होती, हातात ओलं फडकं. मला बघून तिनं नुसती मान हलवली. तेवढं पुरलं.

प्रत्येकीला सारख्याच वजनाचा मातीचा लोळा मिळाला होता, पातळ फडक्यात गुंडाळलेला, तान्ह्या बाळाएवढा. तो पदराखाली घ्या, असं सांगितलं होतं. जसं घेत होता तसं घ्या आणि थोडा वेळ बसा. बस, एवढंच. जी जागा पूर्वी बाळानं भरली होती ती मातीनं भरायची. फळीवर त्या सगळ्या जागा ओळीनं पहुडल्या होत्या. कोपराच्या आतला बाक, पोटाची गोलाई, वरून छातीचा दाब. कुठे बांगडीची खूण. एका बाईनं दोन मागून घेतले होते. तिला जुळी होती.

आईचा गोळा खालच्या फळीवर, जरा बाजूला होता. मातीवालीनं प्लास्टिक काढलं, फडकं उलगडलं.

तो या कुणासारखाच नव्हता. एक बाजू सपाट, तीवर बरगड्यांसारखे उंचवटे. मधोमध वरून खोलगट, दंडाखाली दाबल्यासारखा. एका टोकाला पाचही बोटांची पकड. दुसरं टोक मागे मोकळंच सुटलेलं.

"आजींना धरायला नीट जमलं नसावं," मातीवाली हळूच म्हणाली. "हात दुखत असेल. मी म्हटलं, कुशीत घ्या ना. तर म्हणाल्या, घेतलंय की!"

मी बघत राहिले. हा आकार माझ्या ओळखीचा होता. कागदांचे गठ्ठे आई असेच आणायची, डाव्या काखेत मारून, तळवा पुढून खाली. हे पोर धरल्यासारखं नव्हतं. हे सामान धरल्यासारखं होतं.

"उद्या येते," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

रस्त्यानं चालताना मला येऊ नये असं हसू आलं. इतके दिवस आठवण शोधत होते. आठवण नसल्याचा पुरावाच मिळाला होता, आणि तो त्यांनी माझ्यासाठी जपून ओला ठेवला होता.

घरी येऊन मावशीला फोन केला. मावशीला ऐकू कमी येतं, म्हणून ती स्वतःच मोठ्यानं बोलते.

"मावशी, आई मला पाजायची कशी?"

"काय?"

"पाजायची कशी गं? अंगावर!"

"अगं हळू बोल, शेजारी ऐकतील," मावशी ओरडली. "कशी म्हणजे? काखेत."

"काखेत?"

"हो! कलिंगड घेतात ना बाजारातून येताना, तशी. तुझं डोकं हिच्या डाव्या तळव्यात, पाय मागे भिंतीकडे. उजवा हात मोकळा. तू चुरूचुरू पितेयस आणि ही घड्या घालतेय. मी म्हटलं, अगं पोर आहे की वळकटी? गठ्ठू नाव मी ठेवलंय तुझं, तुझी आई नाही. श्रेय घेत होती ती उगाच."

मावशीला वाटलं फोन तुटला.

"आहेस ना? ऐक. घरातली सगळी म्हणाली होती, बाटली लाव आणि काम कर, नाहीतर काम सोड आणि पाज. हिनं कुणाचं ऐकलंय कधी? म्हणाली, दोन्ही करीन. आणि तू झोपलीस तरी खाली ठेवायची नाही बघ. मी म्हणायची, अगं दे इकडे, हात मोडेल. तर म्हणे, असू दे, उबेला आहे. मला बरं वाटतं."

"असं म्हणायची?"

"मग! चांगली चालायला लागेपर्यंत पीत होतीस. सोडता सोडेनास."

मला जे विचारायचं होतं ते कसं विचारावं कळेना. शेवटी जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "मग नंतर का नाही गं कधी जवळ घेतलं?"

"काय?"

मी पुन्हा विचारलं. मोठ्यानं. रिकाम्या घरात तो प्रश्न फारच मोठा वाटला.

मावशी पहिल्यांदाच हळू बोलली. "तू पुस्तकात डोकं घालून बसायचीस ना. ती म्हणायची, हिला लाडीगोडी आवडत नाही. हिच्या बापासारखी आहे, अंगाला हात लावू देत नाही. तू आली असतीस तर तिनं घेतलं असतं गं. ती वाट बघत होती, तू मागशील म्हणून."

*

शुक्रवारी मी रजा घेतली. मातीवालीनं मला गोणपाटाचा एप्रन बांधला, एक तार दिली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली. "एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही."

गोळा तिनं दोन्ही हातांनी धरला. मी तार ओढली. तो आडवा दुभंगला, आणि आतली माती दिसली, वरच्यापेक्षा गडद, गुळगुळीत, कुणाचाच हात न लागलेली.

मग पोखरणं. लाकडी दांड्याला तारेचं कडं लावलेलं हत्यार असतं. त्यानं आतून एकेक फोड काढायची, बोटाएवढी जाड भिंत राहीपर्यंत. बाहेरच्या खुणांना धक्का लावायचा नाही. मी मांडीवर उशी घेतली, उशीवर अर्धा भाग कापलेली बाजू वर करून ठेवला, आणि बाहेरून डावा तळवा लावून काम सुरू केलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, माझी बोटं आईच्या बोटांच्या खुणांत बसली होती. तिचा हात माझ्यापेक्षा लहान होता. मी बोटं जराशी आखडून घेतली.

"डोक्याकडे जपून," मातीवाली म्हणाली. "तिथे भिंत आधीच पातळ आहे. आजींनी आमचा नियम मोडलाय तिथे."

"कोणता?"

नर्स पलीकडच्या टेबलावर पेले पुसत होती. ती हसायला लागली. "फडकं काढायचं नाही, असं सांगितलं होतं सगळ्यांना. माती कपड्यांना लागते म्हणून. आणि हलायचं नाही. सगळ्या बसल्या होत्या फोटोला बसल्यासारख्या. आजींनी मात्र हळूच एका टोकाचं फडकं बाजूला केलं. मी म्हटलं, आजी, अहो राहू द्या ते. तर मलाच रागावल्या. म्हणाल्या, 'नाक दाबलं जातंय तिचं. श्वास नको का घ्यायला?'"

"तिचं?"

"हो, तिचं. आम्ही सगळ्या इतक्या हसलो. आजीसुद्धा हसल्या मग. पण फडकं काही परत ओढलं नाही."

मी तो भाग उलटा केला आणि उजेडाकडे धरला. सगळ्या गोळ्यावर फडक्याची वीण उमटलेली होती, बारीक चौकटी-चौकटींची. फक्त डोक्याच्या टोकाला, कान असता त्याच्या जरा पुढे, ती नव्हती. तिथे माती उघडी होती आणि चकचकीत झाली होती. एका अंगठ्याएवढी जागा. नुसता दाब असता तर खड्डा पडला असता. ही जागा पसरट होती, एकाच दिशेनं घासून घासून गुळगुळीत केलेली. सगळ्या बायका स्थिर बसल्या होत्या, आणि आईचा उजवा अंगठा फिरत होता.

घडीवरून फिरायचा तसा नाही. घडीवर तिचा अंगठा वजन टाकून जायचा. इथे त्यानं जेमतेम स्पर्श केला होता.

मी हत्यार बाजूला ठेवलं. त्या जागेच्या आतल्या बाजूची माती बोटानंच काढली, चिमूट चिमूट. आता तिच्या अंगठ्याच्या आणि माझ्या बोटाच्या मध्ये भाकरीच्या पापुद्र्याएवढी माती होती. अजून थोडं काढलं असतं तर भोक पडलं असतं. मी बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले. मातीवाली आली, तिनं पाहिलं, आणि भट्टीची फळी लावायला निघून गेली.

जोडताना दोन्ही कडांवर चरे पाडायचे आणि पातळ कालवलेली माती लावायची. ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. ब्रश किती भिजवायचा, कडेपासून आत कसा न्यायचा, हे टेबलाच्या पलीकडून मी हजारदा पाहिलं होतं. सांधा बसला. शेवटी मातीवालीनं एक सुई दिली.

"एक बारीक भोक ठेवावं लागतं. आतली हवा अडकली तर भट्टीत फुटेल. कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. सहसा खालून ठेवतात, दिसू नये म्हणून."

मी ते जिथे नाक असतं तिथे ठेवलं.

*

बोलायची खोली म्हणजे खरं तर सामानाची खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना घोंगड्या लावल्या होत्या. एक खुर्ची, एक स्टूल, स्टुलावर यंत्र. प्रदर्शनात प्रत्येक आकाराशेजारी त्या त्या बाईचा आवाज ऐकू येणार होता. आईच्या आकाराशेजारी काय ठेवायचं, हा प्रश्न मातीवालीनं विचारला नव्हता. नर्सनं विचारला. "तुम्ही बोलाल का? नाही बोललात तरी चालेल. शांतताच ठेवू."

"मी लिहून आणलंय," मी म्हटलं.

आईनं सांगितलं होतं ना, तू लिहून दे म्हणून. रात्री बसून पानभर लिहिलं होतं. त्यात डाव्या काखेची गोष्ट होती, मावशीचं कलिंगड होतं, दोन-तीन वाक्यं तर चांगलीच जमली होती. एका वाक्यात मी म्हटलं होतं की मातृत्व ही एक बांधणी आहे. वाचनालयात कुणी दाखवलं असतं तर मी त्याला बरं म्हटलं असतं.

नर्सनं तो गोळा आत आणला. अजून भाजला नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी, जपून. "मांडीवर घेणार? बायकांना सोपं जातं बोलायला."

मी मांडीवर घेतला. मग उचलून डाव्या काखेत धरला. पाय मागे, डोकं तळव्यात. तो बरोबर बसला. आतून पोकळ झाल्यामुळे हलका लागत होता. उजवा हात मोकळा राहिला, त्यात कागद होता.

"चालू केलंय," नर्स म्हणाली. "हवं तेव्हा बोला. मी बाहेर आहे."

दार लागलं. यंत्रावर लाल दिवा होता. मी पहिली ओळ वाचायला तोंड उघडलं आणि दिसलं, की ही सगळी वाक्यं लोकांना उद्देशून आहेत. ज्यांना आई होती, ज्या आया होत्या, जे येऊन बघणार होते, त्या सगळ्यांना. त्या कागदावर आईसाठी एकही वाक्य नव्हतं.

मी कागद गुडघ्यावर ठेवला. एका हातानं त्याची घडी घातली, आणि घडीवरून अंगठा दाबत नेला. मग तोच अंगठा त्या गुळगुळीत जागेवर ठेवला. तो तिथे मावला.

आवाज आला तो माझ्या वयाचा नव्हता.

"आई," मी म्हटलं, "मला घे ना जवळ."